अकरा हात बाकी

हजेरीची वही माझ्याकडे असते.
बावीस नावं.
सात वाजता एकोणीस, साडेसातपर्यंत एकवीस,
बाविसावा ओवेस मन्सूरी, चंदननगरचा,
सगळ्यांत जवळ राहणारा
म्हणून सगळ्यांत उशिरा.

सिरपूर तलावाच्या पश्चिम काठावर
बेशरम माजली आहे.
पुस्तकात तिला दुसरं काही नाव असेल.
इथं मराठीत बेशरम, हिंदीत बेशरम,
निकिता बामनिया म्हणते, आमच्या पाड्यावरही हेच.
तोडावी तिथून फुटते,
फेकावी तिथं रुजते,
आणि फुलं इतकी नाजूक, फिकट जांभळी
की पहिल्या दिवशी पोरींनी केसांत खोवली,
दुसऱ्या दिवशी कोयते घेतले.

"मेरे अब्बा मुझे येइच बोलते," ओवेस म्हणाला.
हसले सगळे.
तोही हसला, मांडीभर चिखलात,
दोन नंबर मोठ्या गमबुटात.

मला विचाराल तर मी इथं चुकून आले.
एकतीस वर्षं नळखात्यात काढली,
कोणत्या घरी किती थकबाकी, लाल शाईनं लिहीत.
शहराचं पाणी माझ्या हाताखालून आकड्यांनी गेलं.
तळं कधी बघितलं नव्हतं,
म्हणजे बसमधून बघितलं होतं.
सुदामानगरच्या आमच्या गॅलरीतून
हिवाळ्यात बदकांच्या रांगा जायच्या,
मी वाळवणं झाकायचे.

आता मला थापट्या कळतो, टिबुकली कळते.
पोरांनी शिकवलं.
मी त्यांना खाडाखोड न करता लिहायला शिकवते,
त्यांना ते फारसं जमत नाही.

गुरुवारी ओवेसचा कोयता थांबला.
मी काठावरून ओरडले, अरे, पोह्यांना अजून तास आहे!
त्यानं वळून न बघता
हात मागे केला, पंजा उघडा,
जसं रस्ता ओलांडताना धाकट्याला थांबवतात.

वाकवलेले, मोडलेले, एकमेकांत ओवलेले देठ,
वरून बेशरमीचंच छप्पर,
आत पाच अंडी, मातकट, तांबूस ठिपक्यांची.
हातभर लांब जांभळी पाणकोंबडी
शेपटी उडवत, लाल चोचीनं
आम्हा सगळ्यांना शिव्या देत होती.

मग काठावर सभा भरली.
शनिवारी साहेब टेप घेऊन येणार,
काठ मोकळा नसेल तर पैसे अडकणार,
दिवसाचे दोनशे ऐंशी, प्रत्येकाचे.
कोणी म्हणालं घरटं उचलून पलीकडे ठेवू,
कोणी म्हणालं अरे, ती काय चहाची टपरी आहे?
निकितानं कोयता जमिनीत रोवला:
"उपटायची तीच, आणि राखायची पण तीच?"
उत्तर माझ्याकडे नव्हतं. वहीत तसा रकाना नाही.
पोह्यांवरचं जिरावण ओलं होऊन गेलं.

ओवेसनं चार बांबू ठोकले, लांबूनच,
कमरेची दोरी सोडून गुंडाळली.
हातानं मापलं, कोपरापासून बोटापर्यंत: अकरा.

शुक्रवारी सातला वीस जण.
साडेसातला एकवीस.
ओवेसपुढे मी गैरहजर लिहिलं.
आठच्या सुमारास वेताच्या झुडपामागून एक दगड
पाण्यात पडला, एक कुत्रं पळालं,
मागोमाग शिवी आली.
पहाटे चारपासून तिथंच होता.
रात्रभर कुत्री फिरतात मॅडम, एवढंच म्हणाला.

खाडाखोड चालत नाही माझ्या वहीत.
मी खाडाखोड केली.

शनिवारी साहेबांनी टेप गुंडाळत विचारलं,
हे काय शिल्लक?
मी वही पुढे केली. बाकी: अकरा हात.
शाई लालच होती, सवयीनं.
"वसुली कधी?"
म्हटलं, पिल्लं उडतील तेव्हा.

"उडत नाहीत मॅडम," मागून निकिता,
"ती आधी चालतात.
दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, आईच्या मागं.
त्या पानांवरून."

साहेब पानांकडे बघत राहिले.
मी लिहून घेतलं.