बंद ओठांचा म

मी कवळ्या बनवते.
हडर्सफील्डहून वर चढणाऱ्या रस्त्यावर,
लोकरीच्या बंद गिरणीच्या हिशेबखोलीत
माझं टेबल, मेणाचा दिवा,
आणि अनोळखी माणसांचे जबडे,
प्लास्टरचे, पांढरे, ओळीने.

एडगर बूथरॉइड तिसऱ्यांदा आला,
रुमालातून कवळी काढून टेबलावर ठेवली.
"मटण चावते. बायकोशी भांडते.
पण वाजत नाही."
त्रेपन्न वर्षं कॉर्नेट, गावच्या बँडात पहिली खुर्ची.
आता वरच्या ओठाला टेकायला
भिंतच उरली नव्हती.

म्हटलं, तुम्हाला काय हवंय ते मला कळत नाही.
म्हणाला, मग शीक.

मंगळवारी संध्याकाळी, बँडच्या खोलीत.
हीटर खोकायचा. कपाटात चषक,
त्यांवर गेलेल्यांची नावं आणि गेल्या वर्षीची धूळ.
वाद्य दिलंच नाही आधी.
आरसा दिला.
"म म्हण. आणि तिथेच थांब."

म.
मिरजेच्या शाळेत कानिटकरबाई
छडीने फळ्यावर ठोकायच्या: प फ ब भ म,
ओठाला ओठ भेटल्याशिवाय
न उमटणारी पाच अक्षरं.
चार जण दार उघडून बाहेर पडतात.
पाचवा नाकातून निसटतो,
दार लावलेलंच.
चाळीस वर्षांनी, या डोंगरातल्या थंडीत
मी त्या अक्षरात राहायला गेले.

कोपरे घट्ट, मधलं मऊ.
हनुवटी सपाट ठेव, सुरकुतलेलं लिंबू नको.
गाल फुगवू नकोस.
हसू नकोस, हसलीस की ओठ पातळ होतो,
सूर चिरकतो.
रुसूही नकोस.
हसण्या-रुसण्याच्या मधोमध
एक तोंड असतं, ते शोध.

ते तोंड मला ठाऊक होतं.
सासरच्या पंगतीत, ऑफिसच्या मुलाखतीत
वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.
तिथून आवाज काढायचा असतो
हे कुणी बोललं नव्हतं.

महिनाभर नुसती माशी.
भांडी घासताना, बसथांब्यावर, ओठांत माशी.
मग माउथपीस, मग कॉर्नेट,
आणि वरचा सूर लागेना की
हात आपणहून ओठांवर चढाई करायचा.
घरी गेले की लेक विचारायची,
आई, हे लाल कडं कसलं, कुणी चावलं?
एडगर माझी करंगळी कडीतून सोडवायचा.
"रेटून नाही मिळत, बाई. वाऱ्याने मिळतं."

फेब्रुवारीत एकदा, काही न करता,
एक मधला सूर आला.
जाडसर, गरम, समोरच्या भिंतीपर्यंत सरळ.
दहा मोजेपर्यंत टिकला.
आणि ओठाच्या आतल्या कातडीला समजलं
तो कशावर उभा आहे:
दाताच्या धारेवर नाही, जरा वर,
जिथे दात हिरडीकडे वळायला लागतो तिथे.

दुसऱ्या दिवशी त्याचा जुना फोटो मागवला.
तरुण, कानाआड पेन्सिल, तोंडभर हसणारा,
पुढचा डावा दात शेजाऱ्याच्या खांद्यावर
किंचित चढलेला.
अरे देवा.
तीन वेळा मी तो सरळ करून दिला होता.

चौथ्या कवळीत मेण तापवून
मी तो दात वाकडा बसवला.
सत्तावीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा
मुद्दाम, आणि हात थरथरला.

तो खिडकीशी उभा राहिला.
आधी नुसती हवा.
मग फुटक्या चिमणीतून यावा तसा काहीतरी.
मग मी नजर फिरवली, कारण तो सूर
माझ्यासाठी नव्हता.

"अर्धा मिलिमीटर," म्हणाला, "उजवीकडे. घास."
मी कानस उचलली.
त्याचे डोळे भरले होते, कोपरे घट्ट होते,
पण तो हसला नाही.
हसायचं नसतं.