इतर, एक नग

मुहर्रकच्या गल्लीत आमची लाँड्री.
पावतीवर छापलेले रकाने: थोब, अबाया, शर्ट, चादर,
तळाशी 'इतर'.
रफूचं टेबल मागे, बॉयलरला लागून.
तिथे मी, खुशाल निपाणे, कोष्टी, मुक्काम पूर्वी नागपूर.

मुनीराबाईंनी उशीच्या अभ्र्यातून काढून
काउंटरवर ठेवलं ते काळं लोकरी वस्त्र.
अमेरिकेतले झुनी लोक, म्हणाल्या, त्यांच्या बायका नेसायच्या.
वडिलांनी कुठल्याशा लिलावात घेतलेलं.
कसर लागलीय. भोक दिसता कामा नये.

दुकान बंद झाल्यावर उघडलं.
दिव्याखाली काळं काळं राहिलं नाही,
मेंढीच्या अंगचा तपकिरी वर आला.
मधे तिरकी वीण, कडेला शंकरपाळी,
आणि खालीवर निळीच्या दोऱ्याचं भरतकाम,
इतकं दाट की कापड शोधावं लागतं.

सवयीने कापलेली कड चाचपली.
चारही बाजूंना काठच.
ताणा निघाला तिथेच वळून परत आलेला.
आमच्याकडे नऊ वार झाले की सुरी लागायची.
बाबा ते काम दुसऱ्याला सांगत
आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत.

उजव्या खांद्याची शिवण झिजून गुळगुळीत.
डावा उघडा राहत असेल.
नाकाशी धरलं: डांबरगोळ्या, त्याखाली धूर,
आपल्या चुलीचा नव्हे.

मग सापडलं, गुडघ्याच्या उंचीवर, बोटभर जागेत,
आधीचं रफू.
जाड दोऱ्याचं, लालसर, घाईतलं.
लपवायची धडपडच नाही.
फाटलं, शिवलं, गेली असेल पाण्याला.

शुक्रवारी बनी जमराला गेलो.
झावळ्यांच्या सावलीत, खड्ड्यात पाय सोडून
हाजी मक्की विणत होते. फोनवरचा फोटो दाखवला.
त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, कडा मोजल्या,
एक, दोन, तीन, चार,
धोटा मांडीवर ठेवून पुन्हा मोजल्या.
निघताना काळ्या लोकरीची कांडी
माझ्या खिशात कोंबली. पैसे घेतले नाहीत.

रंग जवळचा. एक छटा कमी.
भोक बुजलं. उजेडात धरलं तर दिसतं.

दिसतंय, मुनीराबाई म्हणाल्या.
हो, म्हटलं, आणि हेही बघा,
त्यांचं बोट धरून लाल टाक्यावर नेलं.
बराच वेळ ते तिथेच राहिलं.

पावती सुगतनने फाडली:
इतर, एक नग. रफू. अडीच दिनार.
त्यातला अर्धा माझ्या पगारातून कापला,
दिसतं म्हणून.