तळाला भोकं असलेली होडी

सोळा वर्षं मी पैनगंगा मोजतोय, काठावरून.
सकाळी आठला, इस्लापूरच्या खाली,
काळ्या-पांढऱ्या पट्टीवरचा आकडा वहीत.
शेऱ्याच्या रकान्यात सोळा वर्षं एकच शब्द: निरंक.

पण पट्टीच्या पुढं, वळणाला,
भादव्यात नदी काळ्या खडकावर फुटते
आणि नुसता फेस होऊन धावते.
तिथं आकडा उभाच राहत नाही.
मला तिथं जायचंय.
बसून. हातात वल्हं घेऊन.

हवेची होडी घ्यायची, एवढं ठरलं.
लाकडाची या खडकांपुढं टिकायची नाही,
आणि फायबरची ठेवायची कुठं?
दोन खोल्या, त्यात ज्वारीच्या दोन कोठ्या.

मग तीन महिने रात्री मोबाइलवर होड्या.
तेरा फुटी सरळ जाते, पण वळता वळत नाही,
नऊ फुटी झटकन वळते, आणि नको तेव्हाही वळते.
एकीचा तळ फळीसारखा ताठ,
एकीचा गादीसारखा, बसलं की पोटात घेणारा.
नीलावती कूस बदलून म्हणाली,
"लग्नाआधी मला एवढं बघितलं नव्हतं तुम्ही."

किनवटला मुजीबोद्दीनकडं गेलो.
चाळीस वर्षं ट्यूबला ठिगळं लावणारा माणूस.
मागवलेले कापडाचे दोन तुकडे त्यानं दुमडले,
नखानं ओरखडले, नाकाशी नेले,
एक दिवसभर पत्र्यावर टाकून ठेवला.
"स्वस्तातलं हे, मे महिन्यात पापड होईल.
हे दुसरं घ्या. पैसे रडवतील, पण एकदाच.
आणि उन्हात ठेवताना थोडी हवा सोडत जा.
तापली की हवा कुणाची राहत नाही."
कप्पे किती, त्यानं विचारलं.
तीन, म्हणालो.
"मग एक फुटला तरी दोन घरी आणतील."
चहाचे पैसे त्यानंच दिले.

सगळं जमलं होतं. एकच अडलं.
मला आवडलेल्या होडीच्या तळाला
कंपनीनंच भोकं पाडलेली. ओळीनं, बारा.
पैसे मोजून गळकी होडी घ्यायची?
मी बिनभोकाची, घट्ट तळाची नक्की केली.
बटण दाबायचंच बाकी होतं.

सायन्ना जाळं झटकत काठावर आला.
तो ट्रॅक्टरच्या ट्यूबवर पालथा पडून
पाय मारत नदी ओलांडतो, पोहऱ्यात मासे.
फोटो त्यानं मोबाइल आडवा-उभा करून पाहिला.
"सायब, तितं पानी आत येनार का न्हाई?"
येणारच.
"मंग आल्यालं जाईल कुटून?
वाटीत बसल्यावर वाटीच भरती.
माज्या ट्यूबला तर तळच न्हाई, बगा."
आणि ओल्या बोटाचा ठसा काचेवर ठेवून गेला.

मी भोकांची मागवली.

ती आली मेच्या दुसऱ्या आठवड्यात,
नदीत तेव्हा म्हशीचं गुडघंसुद्धा भिजत नव्हतं.
पायपंपानं फुगवली बाहेरच्या खोलीत.
फुगत फुगत ती दारापर्यंत गेली,
टीव्ही भिंतीला चिकटला.
शेजारची पोरं उंबऱ्यात दाटली.
मी आत बसलो, मांड्यांवर पट्टे आवळले,
वल्हं उजवीकडं मारलं. पंख्याला लागलं.

तेवढ्यात त्यातल्या धिटुकल्या गौतमीनं
तांब्याभर पाणी माझ्या पायाशी ओतलं.
थंड. दचकलो.
मग पाणी घुटमळलं, भोकं हुडकली,
आणि खालून शहाबादी फरशीवर
एक बारीक ओहोळ निघाला, कोठ्यांच्या दिशेनं.

"ज्वारी!" नीलावती ओरडली.
पोतेरं माझ्या अंगावर आलं.
मी होडीतूनच वाकून फरशी पुसली,
अर्धी डावीकडून, अर्धी उजवीकडून,
आणि होडी जराशी सरकली.