लोखंडी कपाट

मिरजेच्या आमच्या ऑफिसात
खालच्या कप्प्यात मालनची पिशवी.
दर बुधवारी बाजाराला म्हणून येते
आणि थोडं थोडं घर सोडते:
आधी पोराचा जन्मदाखला,
मग शिलाईची कात्री,
एकदा नुसतंच हळदीचं पुडकं.
"आत्ताच नाही हं," म्हणते.
मी गालाचं विचारत नाही.
पावती लिहिते.

काल बुधवार नव्हता.
पायात चपला नव्हत्या. पोर खांद्यावर झोपलेलं.
मी लातूरला फोन लावला, लातूरनं नांदेडला.
कधी न पाहिलेल्या बायकांनी
रात्रीत एक खाट मोकळी केली.

पिशवी तिनं हातावर तोलली.
"जड झाली की. एवढं होतं होय माझं तिथं?"

पावतीवर सही करताना
आडनावापाशी पेन अडलं.
शाई संपली असेल, म्हणाले मी,
आणि दुसरं शोधत बसले
बराच वेळ.