कळ काढ

शिवडी कोर्टात एकवीस वर्षं मी टंकलेखन केलं.
साक्षीदार रडला तरी बोटांचा जोर तोच,
'सबब'ला जेवढा, तेवढाच 'मयत'ला.
म्हणून पहिल्या शनिवारी मिस हर्मिनींनी
माझा हात उचलला, हवेत धरला, सोडून दिला.
तो पडला नाही. तिथेच राहिला, फायलीसारखा ताठ.
"आधी पडायला शिकू दे त्याला," त्या म्हणाल्या.
तीन शनिवार मी फक्त हात पाडत होते.

चुईम गावात, क्रुसामागच्या गल्लीत त्यांचं घर.
पियानोच्या पोटात पंचविसाचा दिवा रात्रंदिवस जळायचा,
दमट हवेनं लाकूड फुगू नये म्हणून.
त्याच्या विजेचा खर्च त्या वहीत वेगळा लिहीत,
रक्तदाबाच्या गोळ्यांखाली.

मला वाटलेलं, एखादं गाणं शिकेन,
भाचीच्या साखरपुड्यात वाजवेन, झालं.
असं सुटं काही त्यांच्याकडे मिळत नसे.
आधी पाच रेघांची वही, तिच्यावर मुंग्या,
मुंग्यांना एकेक नाव, एकेक वय.
मग भिंतीकडे तोंड करून बसायचं
आणि त्या पाठीमागे वाजवतील ते ओळखायचं:
चढलं की उतरलं, किती पायऱ्या,
उदास आहे की नुसतंच दमलंय.
एवढा फरक असतो दोन्हींत,
हे मला कोर्टात कधी ऐकू आलं नव्हतं.

डावा हात माझा जन्माचा शिपाई.
कांदा धरणार, पदर सावरणार, उजव्याला कागद पुरवणार.
त्याला त्यांनी महिनाभर एकट्याला बसवलं.
"घर हा चालवतो गो. उजवा नुसता बोलतो."
चौथ्या बोटातून कळ निघायची ती थेट कोपरापर्यंत.
मी म्हटलं, मिस, आमच्यात दाबायची तीही कळ
आणि दुखते तीही कळच.
त्या हसल्या. पेन्सिलीचं टोक
विरामाच्या चिन्हावर टेकवलं.
"आणि कळ काढणं? ते हे इथे.
वाजवायचं काही नाही. मोजणं मात्र सोडायचं नाही."

चुकलं की मागे जाऊन खोडायची माझी सवय.
पांढरी शाई इथे चालत नाही.
परीक्षेत न पाहिलेलं पान समोर आलं,
दुसऱ्याच ओळीत बोट घसरलं,
आणि मी पुढे गेले,
चप्पल तुटलेली बाई जशी
भर बाजारातून चालत राहते, तशी.
काठावर पास.
मिस हर्मिनींनी त्या दिवशी पेरूचा चीझ कापला,
स्वतः दोन वड्या जास्त खाल्ल्या.

मग म्हणाल्या, आता आपलं काहीतरी रचून आण, चार ओळी.
मी आणल्या. शेवटचा सूर अगदी उजवीकडचा,
टोकाच्या पट्टीवर.
वाजवला. टक्.
लाकडाचा आवाज, बाकी काही नाही.
आतली हातोडी मोडली असावी, कधीची कोण जाणे.
मी मान वळवली.
त्या डोळे मिटून बसलेल्या, ओठांवर मोजणी,
एक, दोन, तीन,
चार झाल्यावर म्हणाल्या,
"छान. विरेपर्यंत थांबलीस."

खरं सांगेन, खऱ्याखेरीज काही सांगणार नाही,
हे वाक्य मी किती हजार वेळा उठवलंय कागदावर.
जीभ उचलली. हवेत धरली.
बाहेर कुणीतरी बोंबील विकत होतं,
तो आवाज त्यांना नीट ऐकू आला.
"आज महाग असतील," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी फी ठेवताना
ती वही उघडीच होती.
दिव्याच्या नोंदीखाली मी पेन्सिलीनं लिहिलं:
हातोडी, एक. टोकाची.
आणि चपला घातल्या.