नारिंगी

एकशे ऐंशी मिलिमीटर.
तार्तूमधल्या एका घड्याळजीच्या विधवेकडून घेतली ही लेन्स,
पट्ट्याला अजून त्याच्या तंबाखूचा वास.
ती म्हणाली, जड आहे हो, झेपेल का तुम्हाला?
म्हटलं, बघू.

आधीची माझी लेन्स आखूड होती.
काही बघायचं तर नाक खुपसावं लागे,
माझीच सावली किड्यावर पडे
आणि तो उडून जाई. बरोबरच होतं त्याचं.
ही दीड हात लांब थांबते.
थांबून बघते.
आमच्या घरात हे कोणाला जमलं नव्हतं.

इथे जूनमधली रात्र म्हणजे रात्र नव्हेच,
पाणी घातलेल्या दुधासारखा उजेड.
साडेतीनला मी दलदलीत.
फळ्यांची वाट सोडून ट्रायपॉडचे पाय शेवाळात रोवते,
ते रुततात, मी वाट बघते, ते आणखी रुततात.
लव्हाळ्याच्या काडीवर चतुराची अळी चढून आली आहे,
मातकट, ओली,
कुणीतरी टाकून दिलेल्या बुटासारखी.

पाठ उकलते.
आतून एक डोकं निघतं, मग पाय,
मग तो उलटा लोंबकळतो अर्धा तास, मेल्यागत.
फोकसला जागा किती? तांदळाच्या दाण्याएवढी.
डोळा धरावा तर पंख सुटतो,
पंख धरावा तर डोळा.
मी कॅमेरा केसभर वळवते, त्याच्या अंगाला समांतर.
आरसा वर. वायरचं बटण मुठीत.
श्वास नंतर घेऊ.

तेवढ्यात मागे रंग आला.

लांब लेन्सला पाठीमागचं फार थोडं दिसतं,
दाराच्या फटीतून दिसावं तेवढंच.
आतापर्यंत तिथे खुरट्या पाइनांचा राखाडी हिरवा होता.
आता नारिंगी. मऊ, गच्च, कडा नसलेला.
मी डोळा काढून पाहिलं.
फळ्या संपतात तिथे, बारा पावलांवर, माझा भाऊ.
सरकारी जाकीट. खांद्यावर फावडं.

या दलदलीचं पाणी त्यानेच काढलं होतं,
बावीस वर्षं पीट कापायच्या यंत्रावर बसून.
ती माती हॉलंडला जायची, कुंड्यांत.
विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी.
आईला पुरलं त्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या बसने आलो,
त्याला अकरा वर्षं झाली.
आता तेच चर बुजवायचा पगार मिळतो त्याला.

शेवाळावर एक पाऊल पडलं
तरी दहा पावलांवरचं गवत डुलतं.
हे मला त्यानेच दाखवलं होतं, मी सहा वर्षांची असताना,
उड्या मारमारून.
आज त्याने उचललेला पाय
परत फळीवर ठेवला,
फावडं आडवं केलं, आवाज न करता,
आणि उकिडवा बसला.

दीड तास.
डास त्यालाही चावत असणार.
मी सरक म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.
चतुराने वर झेप घेऊन स्वतःचीच कात धरली,
शेपूट ओढून काढली,
चुरगळलेले पंख भरत गेले, दुधी, मग काचेसारखे,
आणि प्रत्येक फोटोत त्यांच्यातून आरपार
तो रंग.

पंख थरथरले. काडी रिकामी झाली.
मी मेमरी कार्ड बदलून वर पाहिलं
तर तोही उठून गेलेला;
लांब कुठेतरी फावड्याचा ओला आवाज.

शरद ऋतूत गावच्या वाचनालयात फोटो लागला.
साल्मे चष्मा कपाळावर चढवून जवळ गेली, आणखी जवळ,
म्हणाली, मागे ही क्लाउडबेरी वाटतं? एवढी मोठी?
मी म्हटलं, फळ नाही ते.
मग काय आहे?

कॉफी गार होत होती. ती थांबलीच होती.

एंडेल, मी म्हटलं.
जीभ जरा अडखळली.