कोपर

भोसरीतल्या लॅबच्या टेबलावर
पोत्यात गुंडाळलेलं कोपर आलंय.
फीडवॉटर लाइनचं. सोनटक्क्यांनी एस.टी.नं आणलं,
रात्रभर दोन पायांत धरून.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं, म्हणाले.

नवं होतं तेव्हा भिंत आठ मिलिमीटर.
मी कॅलिपर लावते. सहा. पाच.
बाहेरच्या वळणावर, जिथं फाटलं, तिथं
शून्य पूर्णांक नऊ.
चार पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत, तेवढं.

आत गंज म्हणावा तर पापुद्रा नाही, लाल पूड नाही.
नुसते बारीक खळगे, एकाच दिशेला कललेले,
माशाच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसे लागतात.

सोनटक्के पिशवीतून रजिस्टरं काढतात.
दर दोन तासांची नोंद. निळ्या शाईत पीएच,
लाल शाईत ऑक्सिजन: शून्य, शून्य, शून्य.
अकरा वर्षांची शून्यं, गोल, एकसारखी,
आणि प्रत्येक पानाखाली सही.
"राहूच दिला नाही मॅडम ऑक्सिजन.
हायड्रॅझिनचा डोस एक दिवस चुकवला नाही."

इरफान मुजावर त्या कोपराखाली व्हॉल्व्हची ग्लँड आवळत होता.
दोन्ही हात, मान, डावा कान.
इथंच पुण्यात ठेवलाय, तिसरा आठवडा.

कसं सांगू.
माझ्या मोशीच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं,
गीझरची कॉइल महिन्यात पांढरी होते,
नळाच्या तोंडाला चुन्याची दाढी.
त्या पाण्याकडे इतकं असतं
की जाईल तिथं थोडं ठेवून जातं.

तुमचं पाणी, सोनटक्के, रेझिनमधून दोनदा काढलेलं.
क्षार नाहीत, सिलिका नाही,
तुमच्या मेहनतीनं वाराही नाही.
असल्या पाण्याला भूक लागते.
दीडशे अंशांवर, वळणावर वेग घेताना
लोखंडाच्या अंगावरची काळी साय ते चाटून नेतं.
लोखंड पुन्हा साय धरतं.
ते पुन्हा चाटतं.
पीएच थोडा वर हवा होता, पण कंडेन्सरमध्ये तुमच्या तांबं,
त्याला अमोनिया सोसत नाही. मग एवढंच उरतं:
चिमटीभर ऑक्सिजन, अब्जात पाच-दहा भाग.
साय टिकावी म्हणून. विरजणापुरता.

ते ऐकतात. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात.
"आम्हाला तर शिकवलं होतं..."
मलाही तेच शिकवलं होतं. शिवाजीनगरच्या वर्गात
मीही ते पाठ करून लिहिलं,
आणि त्याचे मला पैकीच्या पैकी मिळाले.

रिपोर्टमध्ये 'मूळ कारण' अशी एक चौकट असते,
दोन ओळींची. मी टाइप करते: अतिदक्षता.
मग आठवतं, इरफान कुठल्या विभागात आहे.
खोडते. कर्सर लुकलुकत राहतो.

"तिकडे जायला बस कुठून मिळेल?"
नाशिक फाट्यावरून, मी म्हणते.
ते उठतात. फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवतात,
ब्लेडची धार बघावी तसा, हलक्यानं.
रजिस्टरं पिशवीत भरतात, मोठी खाली, लहान वर.
दारापर्यंत जातात, थांबतात,
विचारतात, प्यायला जरा पाणी मिळेल का.